पुस्तक नेलं तर नेलं

"पिन कोड काय टाकू?"

हा प्रश्न मी एका बारा-तेरा वर्षांच्या मुलीला विचारला होता. डिसेंबर २०२४ मधला रविवार होता. सणसरला माझ्या आत्याची पिठाची गिरणी आहे, तिथं आम्ही उभे होतो. मुलीच्या एका हातात बाजरीच्या पिठाचा डबा होता आणि दुसऱ्या हातात सातवीच्या गणिताचं जुनं पुस्तक. ते तिला न्यायचं होतं. पुस्तक फुकट होतं. फक्त त्याआधी माझ्या ॲपमध्ये तिची नोंद व्हायला हवी होती.

मोबाइल नंबर? "फोन पप्पांकडंय, ते फडात हायेत." म्हणजे ओटीपी येणार नव्हता. पत्ता? "कुठला सांगू, हितला का गावाकडचा?" मी म्हटलं, इथला. "तळावर, कोपीत." कोपीला घर क्रमांक नसतो. तो रकाना रिकामा सोडून पुढं जायला गेलो, तर ॲपनं लाल अक्षरांत अडवलं. तो रकाना सक्तीचा मीच केला होता. मग गावाकडचा पत्ता टाकू म्हटलं. तिनं बीड जिल्ह्यातल्या एका गावाचं नाव सांगितलं, आणि मी पिन कोड विचारला.

तिनं माझ्याकडं पाहिलं. पुस्तक ढिगावर नीट सरळ करून ठेवलं. "राहू द्या दादा," म्हणाली आणि डबा उचलून निघून गेली.

आत्यानं गिरणी बंद केली. पट्टा थांबला की गिरणीतली शांतता एकदम कानात बसते.

"केवढ्याचं होतं रं ते पुस्तक?" तिनं विचारलं.

मी काही बोललो नाही. ते पुस्तक ज्या ढिगावर होतं, तो ढीग मी रद्दीत द्यायला काढून ठेवला होता.

*

ही पुस्तकं गिरणीत कशी आली ते आधी सांगतो.

मी हिंजवडीत नोकरी करतो आणि वाकडला राहतो. २०२४ च्या जूनमध्ये आमच्या मजल्यावरचं एक कुटुंब बंगळुरूला गेलं आणि जाताना लिफ्टशेजारी पुस्तकांची दोन खोकी ठेवून गेलं. सकाळी कचऱ्याच्या गाडीत जातील म्हणून मी ती घरात घेतली. मग सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला: गावाकडच्या वाचकांसाठी जुनी पुस्तकं हवी आहेत. आठ दिवसांत माझी बाल्कनी भरली. मेसेज फिरत फिरत आणखी तीन सोसायट्यांत गेला. गणपतीला चुलतभावाच्या पिकअपमधून मी ६४० पुस्तकं गावी आणली.

सणसर माहीत नसेल तर एवढंच सांगतो. बारामतीहून इंदापूरकडं निघालं की काटेवाडीच्या पुढं भवानीनगर लागतं, छत्रपती सहकारी साखर कारखान्याचं. त्याला लागूनच आमचं गाव. नीरा डाव्या कालव्याचं पाणी, त्यावरचा ऊस, दिवाळीनंतर रस्त्यावर ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग. आषाढीत तुकोबांच्या पालखीचा एक मुक्काम आमच्याकडं असतो.

पुस्तकं कुठं ठेवायची यावर माझ्या डोक्यात मोठ्या कल्पना होत्या. ग्रामपंचायतीकडं खोली मागायची, फलक लावायचा वगैरे. आत्या म्हणाली, "गिरणीत ठेव. माणसं हितं तशीबी बसूनच असत्यात." तिचं खरं होतं. दळणाला नंबर लावला की अर्धा तास कुठं जात नाही. मी एक लोखंडी रॅक आणला, गव्हाच्या पोत्यांच्या समोर उभा केला.

मग निवडायला बसलो. दान आलेली पुस्तकं निवडताना माणसांबद्दल बरंच कळतं. बारा वर्षांपूर्वीची अभियांत्रिकी प्रवेश परीक्षेची गाइडं. श्रीमंत कसं व्हावं हे सांगणारी इंग्रजी पुस्तकं, पहिल्या वीस पानांनंतर कोरी करकरीत. तीन खंडांतला फक्त दुसरा. बंद पडलेल्या सॉफ्टवेअरची मॅन्युअलं. लग्नात आहेर आलेली, वेष्टणही न काढलेली. 'श्यामची आई'च्या नऊ प्रती. आणि मधेच एखादं खूप वाचलेलं, पानांच्या कडा मऊ झालेलं पुस्तक, जे देताना देणाऱ्याच्या जिवावर आलं असणार.

त्यातली १८० मी बाजूला काढली. फाटलेली, कालबाह्य, आणि शाळेची जुनी पाठ्यपुस्तकं. पाठ्यपुस्तकं तर सरकारी शाळांत आठवीपर्यंत मोफतच मिळतात, ती कोण नेणार? उरलेल्या ४६० पुस्तकांना मी क्यूआर कोड चिकटवले. दोन शनिवार-रविवार बसून ॲप लिहिलं. कोड स्कॅन करा, नंबर टाका, ओटीपी टाका, चौदा दिवसांनी परत करा. उशीर झाला की आपोआप मेसेज. डॅशबोर्डवर आलेख. ऑफिसात दाखवलं तर सगळ्यांनी वाहवा केली.

तीन महिन्यांत अकरा पुस्तकं गेली. त्यातली चार माझ्या चुलतभावानं नेली होती.

*

मला नोंद इतकी का हवी होती, याचा विचार त्या रविवारी रात्री केला.

मी ज्या शाळेत शिकलो तिथं पुस्तकांचं एक कपाट होतं. हिरव्या रंगाचं, काचेच्या दाराचं. पाच वर्षांत ते दोनदा उघडलेलं आठवतं आणि दोन्ही वेळा तपासणी होती. काचेतून पुस्तकांचे कणे वाचता यायचे. मला त्या कण्यांवरची नावं अजून पाठ आहेत, आतलं एक अक्षर माहीत नाही. तेव्हा सरांचा राग यायचा. आता त्यांची अडचण कळते. शाळेतलं पुस्तक डेड स्टॉक रजिस्टरला चढतं, टेबल-खुर्ची आणि घंटेच्या शेजारी. ज्यांच्याकडं चार्ज असतो त्यांना ते मोजून दाखवावं लागतं. पुस्तक कुणी वाचलं नाही तर त्यांना कुणी विचारत नाही. हरवलं तर विचारतात. अशा व्यवस्थेत शहाणा माणूस कुलूपच लावणार.

रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला पहिला नियम अगदी साधा आहे: पुस्तकं वापरण्यासाठी असतात. एवढी उघड गोष्ट नियम म्हणून का सांगावी लागली, हे सांगताना ते जुन्या युरोपातल्या साखळदंडांनी बांधलेल्या पुस्तकांची आठवण देतात. तेव्हा त्या साखळीला कारण होतं. एक पोथी हातानं उतरवायला महिने जायचे. छपाई आली, पुस्तकं स्वस्त झाली, तरी साखळीची सवय लवकर गेली नाही. तिसरा नियम असा की प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक असतो. मी सातवीचं गणित रद्दीत टाकलं होतं, त्याचा वाचक समोर उभा होता, आणि मी त्याला पिन कोड विचारत होतो.

माझ्या ॲपमध्ये पुस्तक गेलं नाही तर काहीच होत नव्हतं. गेलेलं परत आलं नाही तर लाल खूण यायची. हिरवं कपाट मी पुन्हा बांधलं होतं, यावेळी स्वतःच्या हातानं.

जेवताना आत्याला म्हटलं, "पण असंच देत बसलो तर सगळी जातील."

"मग? नेण्यासाठीच आणलीस ना?"

"परत कोण आणणार?"

आत्या चौथी शिकलेली आहे. तिनं भाकरी थापता थापता विचारलं, "पालखीच्या दिवशी आपल्या दारात किती माणूस जेवतं?"

"शंभर-सव्वाशे."

"त्यांचं नाव-गाव लिहून घेतो का आपण? पुढच्या वर्षी तेच येतील का, ताट घासून ठेवतील का, इचारतो का?"

"ते जेवण आहे आत्या. पुस्तक वेगळं."

"काय वेगळं? जेवाण पोटात जातं, पुस्तक डोक्यात. दोन्ही माघारी येत न्हाई."

हे उत्तर तर्कानं खोडता येईल. पुस्तक एकानं वाचलं तरी दुसऱ्यासाठी उरतं, जेवण उरत नाही. पण मी वाद घातला नाही. तीन महिने आणि अकरा पुस्तकं हा माझ्या बाजूचा पुरावा होता.

*

पुण्याला परतल्यावर, हे काम आधी कुणी कसं केलं ते शोधत बसलो.

आपल्याकडं फिरत्या पुस्तकांची कल्पना जुनी आहे. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणले आणि संस्थानभर मोफत वाचनालयांचं जाळं उभं केलं. जिथं वाचनालय नाही तिथं लाकडी पेट्यांतून पुस्तकं जायची. तीच पेटी २००९ मध्ये नाशिकला नव्यानं दिसली. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या विनायक रानडे यांनी 'ग्रंथ तुमच्या दारी' सुरू केलं. शंभर पुस्तकांची एक पेटी, ती एका वाचक गटाकडं जाते, काही महिन्यांनी दुसऱ्या पेटीशी बदलते. वाचकाला पैसे पडत नाहीत, पेटीचा खर्च देणगीदार करतात, कुणी वाढदिवसानिमित्त, कुणी आईवडिलांच्या आठवणीत. ही पेटी पार परदेशातल्या मराठी माणसांपर्यंत गेली. यात मला दोन गोष्टी दिसल्या. एक, ती पुस्तकं वाचकाचा विचार करून निवडलेली असतात, कुणाच्या घरातून नको झालेली नसतात. दोन, जबाबदारी एकेका वाचकाच्या पत्त्यावर नसून गटावर असते.

साताऱ्यातलं भिलार हे पुस्तकांचं गाव, ४ मे २०१७ पासूनचं. तिथं घराघरांत पुस्तकं मांडलेली आहेत. जाऊन बसायचं आणि वाचायचं.

आणि अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये 'बुक थिंग' नावाची संस्था आहे. लोक पुस्तकं आणून टाकतात, लोक घेऊन जातात. सभासदत्व नाही, परत करण्याची तारीख नाही. फक्त प्रत्येक पुस्तकावर शिक्का असतो की हे मोफत आहे, विकायचं नाही. २०१६ मध्ये त्यांच्या इमारतीला आग लागली, तरी ती पुन्हा उघडली.

ही बाल्टिमोरची पद्धत आत्यानं न वाचता सांगितली होती.

पुढच्या शनिवारी गावी गेलो ते रबरी शिक्का करून घेऊनच. 'मोफत. विकण्यासाठी नाही.' रॅकवरचे क्यूआर कोड तसेच राहिले, खरवडून निघेनात. ॲप मी बंद केलं. रद्दीसाठी काढलेला ढीग पुन्हा उघडला आणि त्यातली पाठ्यपुस्तकं धुळीतून पुसून खालच्या कप्प्यात लावली.

ती मुलगी मंगळवारी दळणाला आली तेव्हा मी पुण्यात होतो. आत्यानं फोनवर सांगितलं, "गणित न्हेलं. आन इज्ञानबी."

*

नंतरचं सगळं गोड झालं असं नाही.

जानेवारीत एकानं एकदम बावीस पुस्तकं नेली. ती भंगार-रद्दीच्या दुकानात सापडली. आत्यानं किलोच्या भावानं सोडवून आणली आणि त्या माणसाला पुढच्या दळणाला काही म्हणाली नाही. मला फार राग आला होता. ती म्हणाली, "बावीस गेली म्हणून चारशेला कुलूप लावू का?"

दुसरी अडचण खरी होती. पोलीस भरती आणि एमपीएससीची पुस्तकं एका मुलानं सगळी उचलली, आणि तयारी करणारी बाकीची पोरं गिरणीत येऊन भांडली. त्यांचं चुकत नव्हतं. जे पुस्तक दहा जणांना एकाच महिन्यात हवं असतं, त्याला 'नेलं तर नेलं' चालत नाही. मग भिलारची आठवण आली. शेजारी एक छोटं मांडळ ठोकलं, त्यावर लिहिलं, 'बसून वाचा'. त्या मुलानं पुस्तकं स्वतःच आणून ठेवली. आता संध्याकाळी सहानंतर चार-पाच जण पोत्यांना टेकून बसलेले असतात. पिठाचा थर त्यांच्या वह्यांवरही असतो.

मी नोंद ठेवणं पूर्ण सोडलं नाही. सवय जात नाही. पण कोण काय नेतं ते लिहिणं बंद केलं आणि कुणी काय मागितलं नि मिळालं नाही, ते आत्या एका वहीत लिहू लागली. तिच्या अक्षरातली ती यादी मी फोटो काढून पुण्याच्या ग्रुपवर टाकतो. एका पानावर काय होतं ते सांगतो: आठवीचं भूगोल. शेळीपालन. मोठ्या अक्षरातली गाथा. ब्लाऊज कटिंग. पोलीस भरतीचं गणित. भुताच्या गोष्टी. इंग्रजी बोलायचं पुस्तक, मराठीतून समजावलेलं. भुताच्या गोष्टी, पुन्हा.

माझ्या बाल्कनीत आलेल्या ६४० पुस्तकांत यातलं फार थोडं होतं. आम्ही शहरातले लोक पुस्तकं देतो तेव्हा बहुतेक वेळा घरातली जागा मोकळी करत असतो. त्यात वाईट काही नाही, मीही तेच केलंय. पण त्याला दान म्हणण्याआधी ही यादी एकदा वाचायला हवी. ती ग्रुपवर टाकायला लागल्यापासून खोकी कमी येतात, आणि जी येतात ती उघडताना मला रद्दीचा ढीग करावा लागत नाही.

*

होळीच्या आधी पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला. तळावरच्या कोप्या मोडायला लागल्या.

ऊसतोडीला येणाऱ्या कुटुंबांचा व्यवहार ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. हंगामाच्या आधी मुकादम नवरा-बायकोच्या जोडीला आगाऊ रक्कम देतो. त्या जोडीला 'कोयता' म्हणतात आणि रकमेला 'उचल'. पुढचे चार-पाच महिने ऊस तोडून ती फेडायची. नाही फिटली तर बाकी पुढच्या वर्षावर चढते. बीडकडं मागं राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं चालतात, पण कोपीत धाकट्याला सांभाळायला कुणीतरी लागतं. मग थोरली मुलगी बरोबर येते. शाळेत मोफत मिळालेली तिची पाठ्यपुस्तकं गावाकडं आजीच्या घरात राहतात. पाठ्यपुस्तकं सगळ्यांना मिळतातच, असं मी समजून बसलो होतो. तिलाही मिळाली होती. फक्त ती जिथं होती तिथं ती नव्हती.

जायच्या आदल्या दिवशी मी योगायोगानं गिरणीत होतो. मुलगी आणि तिची आई आल्या. मुलीनं पिशवीतून पाच पुस्तकं काढून आत्यासमोर ठेवली. गणित, विज्ञान आणि तीन गोष्टींची. गणिताला वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं होतं.

"मावशी, मोजून घ्या," आई म्हणाली. "आमच्या अंगावर काय बाकी नको."

आत्यानं पुस्तकं परत पिशवीत घातली. "बाकी कसली? परीक्षा हाय ना तिची?"

"मग फेडायचं कसं?"

हा प्रश्न ऐकला आणि डिसेंबरमध्ये काय झालं होतं ते मला नीट कळलं. तोवर मी समजत होतो की ती मुलगी माझ्या फॉर्मला कंटाळून गेली. तसं नव्हतं. नाव लिहून घेणं, पत्ता विचारणं, परतीची तारीख सांगणं, हे सगळं तिनं आधी पाहिलेलं होतं. तिच्या घरात जी वस्तू नाव लिहून मिळते ती फेडावी लागते. मी फुकट पुस्तक देत होतो आणि तिला त्यात उचल दिसत होती.

"फेडायचं न्हाई," आत्या म्हणाली. "वाचून झालं की तिकडंच कुणालातरी दे."

बाई काही बोलली नाही. दोघी गेल्या. पाऊण तासानं ती एकटीच परत आली, डोक्यावर वाढ्याचा भारा. उसाचे हिरवे शेंडे, शेवटच्या दिवसाचे. तिनं भारा आत्याच्या म्हशीपुढं टाकला, पदरानं तोंड पुसलं.

मला वाटलं आत्या नको म्हणेल. वाढं विकून या बायकांना चार पैसे मिळतात, हे तिलाही माहीत होतं. पण तिनं भारा नीट सोडला, म्हशीच्या पुढ्यात पसरला आणि म्हणाली, "चांगलं हिरवंगार हाय. बसा, च्या टाकते."

चहा पिऊन ती गेल्यावर मी विचारलं, का घेतलंस?

"द्यायला आली व्हती," आत्या म्हणाली. "तिला काय माघारी धाडू?"

ती पुस्तकं कुठं गेली मला माहीत नाही, आणि आता ते कळण्याची सोयही नाही. होळीपर्यंत ३०० च्या वर पुस्तकं रॅकवरून गेली. कुणी न मागता त्यातली शंभरएक परत आली, आणि गावातल्या लोकांनी आपल्या घरातली ४१ नवी आणून ठेवली. त्यात आठवीचा भूगोलही होता. आत्यानं वहीतल्या त्या ओळीवर काट मारली. भुताच्या गोष्टी अजून हव्या आहेत.